लेकीकडून तीन दिवस नॅशव्हिलला

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीतरी जणी आज ना उद्या अमेरिकेला जाणार आहात. कुणी लेकीच्या बाळंतपणाला, कुणी मुलाची नातवंडं सांभाळायला. चार-सहा महिने राहायचं, डिंकाचे लाडू वळायचे, बाळाला तेल चोळायचं, आणि सुट्टीच्या दिवशी मुलं गाडीत घालून नेतील ते बघायचं. नायगारा होतो, न्यूयॉर्क होतं. फोटोही छान निघतात. पण यातलं एक तरी ठिकाण तुम्ही स्वतः मागून घेतलेलं असतं का?

तर यंदा मागा. मुलीला सरळ सांगा, "मला तीन दिवस नॅशव्हिलला जायचंय." ती चमकेल. "आई, तिथे काय आहे तुझ्यासाठी?" असं म्हणेल. तिला काय उत्तर द्यायचं, ते आता सांगते.

नॅशव्हिल ही टेनेसी राज्याची राजधानी. कंबरलंड नदीच्या काठी वसलेली. तिकडच्या कंट्री संगीताची ही पंढरीच म्हणा ना! कंट्री म्हणजे खेड्यापाड्यातलं गाणं. गिटार, फिडल आणि बँजो, चाल सोपी, शब्द रोजच्या बोलण्यातले. आणि त्या शब्दांत काय असतं? नवऱ्याचं पिणं, दुकानातली उधारी, खाणीतून काळाठिक्कर होऊन परतणारा बाप, ठिगळं जोडून कोट शिवणारी आई. आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसून ओव्यांतून जे बोलत, त्याच जातीचं हे गाणं. फरक इतकाच, की आपली ओवी जात्यापाशीच राहिली आणि तिकडची रेडिओवर गेली.

ती रेडिओवर नेणाऱ्या बायका कोण, हे ठाऊक असलं की शहर बोलायला लागतं. म्हणून निघण्यापूर्वी तीन नावं लक्षात ठेवा.

पहिली किटी वेल्स. नॅशव्हिलमध्येच जन्मलेली, तीन मुलांची आई. त्या काळात गाजलेल्या एका पुरुषी गाण्यात सगळा दोष वाईट चालीच्या बायकांवर ढकललेला होता. त्याला उत्तर देणारं गाणं हिने १९५२ साली म्हटलं. लग्न झालेले पुरुष सडेफटिंग असल्यासारखे वागतात, त्याचं काय, असा त्याचा सवाल! काही ठिकाणी ते वाजवायला बंदी झाली. तरी ते देशातल्या कंट्री गाण्यांच्या यादीत पहिलं आलं, आणि एकट्या बाईचं गाणं तिथवर पोचण्याची ती पहिलीच वेळ होती. तिने ते का म्हटलं म्हणाल, तर ध्वनिमुद्रणाचे सव्वाशे डॉलर मिळणार होते म्हणून.

दुसरी लोरेटा लिन. माझी सर्वांत आवडती. केंटकीच्या डोंगरातल्या खाणकामगाराची मुलगी. पंधराव्या वर्षी लग्न, विशीत पदरी चार मुलं. नवऱ्याने सतरा डॉलरची गिटार आणून दिली, ती ही आपली आपण शिकली. १९६० साली पहिली तबकडी निघाली. नवरा-बायको मोटारीतून गावोगावच्या रेडिओ केंद्रांवर ती देत फिरले. पुढे तिने जे आयुष्यात सोसलं तेच गाण्यात घातलं. 'पिऊन येणार असशील तर प्रेमाने जवळ यायचं नाही' अशा अर्थाचं तिचं गाणं १९६७ साली अव्वल ठरलं. १९७५ साली तर तिने पाळणा लांबवण्याच्या गोळीवरच गाणं काढलं. कितीतरी रेडिओ केंद्रांनी ते वाजवायचं नाकारलं, आणि बायकांनी तबकड्या विकत घेतल्या. कंट्री संगीताच्या संघटनेचा वर्षातल्या सर्वश्रेष्ठ कलावंताचा मान १९७२ साली तिला मिळाला. त्याआधी तो एकाही बाईला मिळाला नव्हता. २०२२ साली, नव्वदाव्या वर्षी, ती गेली.

तिसरी डॉली पार्टन. बारा भावंडांतली चौथी. शाळा संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी, १९६४ साली, नॅशव्हिलला आली आणि पहिल्याच दिवशी कपडे धुवायच्या दुकानाबाहेर तिला भावी नवरा भेटला! म्हणजे बघा, कपड्यांच्या गाठोड्याचाही कुठे कसा उपयोग होईल सांगता येत नाही. पण ही बाई पैशाच्या व्यवहारात भारी पक्की. एल्व्हिस प्रेस्लीला तिचं एक गाणं गायचं होतं, पण त्याच्या माणसांनी गाण्याच्या हक्काचा निम्मा वाटा मागितला. हिने नाही म्हटलं, आणि रात्रभर रडली. पुढे १९९२ साली व्हिटनी ह्यूस्टनने तेच गाणं गाऊन जगभर गाजवलं, तेव्हा हक्क सगळे डॉलीकडेच होते.

आता जाण्याचं बघू. रेल्वेचा विचारच करू नका. लांब पल्ल्याची उतारूंची शेवटची गाडी १९७९ साली बंद झाली, आणि १९०० सालचं किल्ल्यासारखं दगडी स्टेशन आता हॉटेल झालं आहे. अटलांटाहून मोटारीने चार तास लागतात, आणि नॅशव्हिलचं घड्याळ एक तास मागे असल्याने तो तास फुकट पदरात पडतो. लांबून येणार असाल तर विमानतळ गावापासून जवळच आहे. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर हे महिने चांगले. जूनमध्ये कंट्री संगीताचा चार दिवसांचा मोठा उत्सव असतो, तेव्हा खोली मिळणं कठीण आणि परवडणं त्याहून कठीण. एरवीही शुक्रवार-शनिवारी भाडी चढतात, कारण लग्न ठरलेल्या मुली मैत्रिणींचे घोळके घेऊन मजा करायला येतात. गुलाबी बूट, डोक्यावर टोप्या, रस्ताभर आरडाओरड. त्यांच्याकडचं केळवणच ते! म्हणून बुधवारी जावं, शुक्रवारी रात्रीचा खेळ बघावा आणि शनिवारी सकाळी निघावं, असं माझं मत. मुलांना एकच दिवस रजा काढता येत असेल तर शुक्रवार-शनिवारही चालेल, पण मग खिसा सैल ठेवा.

शुक्रवार म्हटलं ते 'ग्रँड ओल ऑप्री'साठी. हा रेडिओवरचा गाण्याचा कार्यक्रम नोव्हेंबर १९२५ मध्ये सुरू झाला, तो अजून चालू आहे. सुरू केला एका विमा कंपनीने, आणि केंद्राच्या नावाची अक्षरंही 'आम्ही लाखोंचं रक्षण करतो' या कंपनीच्या घोषवाक्यावरून घेतलेली! एका रात्रीत पाच-सहा गायक येतात, दोन-तीन गाणी म्हणून जातात, मध्येच निवेदक रंगमंचावरूनच जाहिराती वाचतो. भाषा सगळी नाही समजली तरी कंटाळा येत नाही. नवं नाट्यगृह गावाबाहेर पंधराएक किलोमीटरवर आहे. त्याच्या रंगमंचाच्या मधोमध ओक लाकडाचा सहा फुटी गोल बसवलेला दिसेल. तो जुन्या रंगमंचातून कापून आणला आहे, आणि गायक त्यावर उभं राहूनच गातात. २०१० च्या पुरात हा गोलही पाण्याखाली गेला होता. तो दुरुस्त करून पुन्हा जागच्या जागी बसवला. देवघरातला टाक जपावा तसा जपतात.

तो जुना रंगमंच म्हणजे गावातलं रायमन सभागृह. दुसरं काही पाहायला जमलं नाही तरी हे पाहाच, आणि घाई करू नका. थॉमस रायमन नावाच्या आगबोटीच्या कप्तानाने एका धर्मोपदेशकाचं प्रवचन ऐकलं, त्याला उपरती झाली आणि त्याने हे प्रार्थनाघर उभं केलं, १८९२ साली. रंगीत काचा, लाकडी बाकं अजून तशीच. १९४३ ते १९७४ ऑप्री इथेच होत असे. बायका उकाड्यात पंखे हलवत बसत, आणि गायिकांना तयार व्हायला बायकांच्या स्वच्छतागृहाशिवाय जागा नसे.

पण मला तिथे आठवण होते ती लुला नॅफ हिची. विधवा बाई, लघुलेखिकेची नोकरी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती या सभागृहाच्या तारखा भाड्याने देण्याचं काम करू लागली आणि पुढे व्यवस्थापक झाली, ती १९५५ पर्यंत. पत्रव्यवहारात सही 'एल. सी. नॅफ' अशी करायची, म्हणजे बाईशी व्यवहार करतोय हे समोरच्याला कळू नये. हेलन केलरला १९१३ साली आणि कारुसोसारख्या गायकाला १९१९ साली हिनेच आणलं. बाहेर लोरेटाचा ब्राँझचा पुतळा आहे, तिथे फोटो काढा. पण आत बाकावर दहा मिनिटं गप्प बसून लुलाबाईंनाही एक नमस्कार करा.

रायमनच्या मागच्या गल्लीत जांभळ्या रंगाचं 'टूट्सीज' आहे. ते मद्यालय आहे, हे आधीच सांगते. तुम्ही लिंबाचं सरबत मागितलंत तरी कुणी वाईट मानत नाही. टूट्सी बेस या बाईने ते १९६० साली घेतलं. उपाशी गीतकारांना ती खाऊपिऊ घालायची आणि उधारीच्या चिठ्ठ्या सिगारच्या डब्यात टाकायची. दांडगाई करणाऱ्याला मात्र टोपीची लांब पिन टोचून बाहेर काढायची! या ब्रॉडवे रस्त्यावरच्या बहुतेक ठिकाणी आत जायला पैसे नाहीत. गाणारे श्रोत्यांच्या बक्षिशीवर जगतात, म्हणून एकेक डॉलरच्या नोटा सुट्या ठेवा आणि बादली फिरली की टाका. दुपारी जा. संध्याकाळी गोंगाट असह्य होतो, आणि बऱ्याच ठिकाणी एकवीस वर्षांखालच्यांना घेत नाहीत. केस पांढरे असले तरी पासपोर्ट मागतील, रागावू नका.

याच्या अगदी उलट 'ब्लूबर्ड कॅफे'. १९८२ सालचं, दुकानांच्या साध्या रांगेतलं, जेमतेम नव्वद माणसं बसतील एवढं. गीतकार मधोमध गोल करून बसतात, एकेक जण आपलं गाणं म्हणतो आणि ते कसं सुचलं ते सांगतो. श्रोत्यांनी बोलायचं नाही. जागा फार लवकर भरते, म्हणून मुलीला सांगून आधी ब्लूबर्ड आणि ऑप्रीची तिकिटं काढा, खोली नंतर.

कंट्री म्युझिकच्या संग्रहालयाला अर्धा दिवस लागतो. एल्व्हिसच्या सोनेरी मोटारीपाशी गर्दी असते, ती असू द्या. तुम्ही कपडे बघा. त्यावरचं भरतकाम, खडे, झालरी! पॅट्सी क्लाइनचे रंगमंचावरचे पोशाख तर तिची आई घरीच शिवून द्यायची.

खाण्याचं सांगायला हवं. तिथे 'मीट अँड थ्री' म्हणून जेवण मिळतं, एक सामिष पदार्थ आणि तीन भाज्या. शाकाहारी असाल तर नुसतं भाज्यांचं ताट मागा. पण घेवडा आणि पालेभाजी बहुधा डुकराचं मांस घालून शिजवतात, तेव्हा विचारल्याशिवाय घास घेऊ नका. मॅकरोनी-चीज ही तिथे भाजीत मोडते, काय म्हणावं! सामिष खाणाऱ्यांनी झणझणीत 'हॉट चिकन' खावं. १९३० च्या दशकात रात्री उशिरा घरी आलेल्या एका गृहस्थाला अद्दल घडवायला त्याच्या मैत्रिणीने कोंबडीवर तिखटाचा मारा केला, आणि त्याला ती इतकी आवडली की त्याने दुकानच काढलं, असं सांगतात. खरंखोटं देव जाणे. तरी मेतकूट, थालीपीठ आणि दशम्या बरोबर असू द्याच. पश्चिमेला बेलव्ह्यू भागात गणपतीचं मोठं मंदिरही आहे.

वेळ उरला तर टेकडीवरच्या विधानभवनापर्यंत चाला. अमेरिकेतल्या बायकांच्या मताधिकाराचा शेवटचा निकाल १८ ऑगस्ट १९२० रोजी इथे लागला. छत्तीसावं राज्य हवं होतं आणि टेनेसीत मतं अगदी काठावर. हॅरी बर्न हा चोवीस वर्षांचा सभासद विरोधकांचं लाल गुलाब कोटाला लावून आला होता. त्याच्या खिशात आईचं पत्र होतं, बायकांच्या बाजूने मत दे असं लिहिलेलं. त्याने दिलं.

गोळ्या-औषधं पर्समध्ये, प्रवासाचा विमा घेतलेला, पायात सपाट बूट, एवढी तयारी पुरे. लोरेटाचं घर आणि शेत हरिकेन मिल्सला, शंभर-सव्वाशे किलोमीटर पश्चिमेला आहे. मेम्फिसच्या रस्त्याने परतणार असाल तर वाटेतच पडतं. गाडीत तिचीच गाणी लावायला सांगा. गोळीवरचं ते गाणं जावयासमोर लावायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.