गाडी बघून द्या

यंत्रदुरुस्तीच्या धंद्यात जी कामे बहुधा चहावरच भागवावी लागतात, त्यांत "मिस्त्री, एवढी एक गाडी बघून द्या" ही विनंती अग्रभागी आहे. विनंती करणाऱ्याची अशी प्रामाणिक समजूत असते की, ज्याचे आयुष्य इंजिनांच्या सहवासात गेले त्याने बॉनेट उघडून क्षणभर कान दिला की गाडीचा भूतकाळ नि भविष्यकाळ त्याला हस्तामलकवत् दिसू लागतात; आणि बघणारादेखील चारचौघांसमोर ही समजूत मोडून काढण्याची फारशी तसदी घेत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, जेथे मी पाना धरायला शिकलो, तेथील जुने कारागीर मात्र या बाबतीत मोठे मितभाषी असत. गाडी पाहून झाली की ते दोष सांगत, दुरुस्तीचा अदमासे खर्च सांगत, आणि "मग घेऊ का?" या प्रश्नावर "तुम्हांला ती कशाला पाहिजे, ते सांगा अगोदर" असा प्रतिप्रश्न करून हात पुसू लागत. हा प्रतिप्रश्न अंग काढून घेण्यासाठी केलेला नसे, तर तोच या विद्येचा गाभा आहे, असे माझे मत दिवसेंदिवस दृढ होत गेले आहे.

लाखाच्या आतबाहेरची, बारा-पंधरा वर्षे रस्त्यावर काढलेली गाडी घ्यावयास निघालेला गृहस्थ सहसा तिच्या वयाला भितो. वस्तुतः वय हा तिचा सर्वांत निरुपद्रवी दोष होय. मारुती ८०० ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये पहिल्या ग्राहकाच्या स्वाधीन झाली आणि २०१४ च्या प्रारंभी तिचे उत्पादन थांबले. परंतु तिचे ते ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन उघडून बसविणारा माणूस आजही तालुक्याच्या गावी सापडतो, आणि तिचा वॉटर पंप किंवा क्लच प्लेट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. त्यापूर्वी कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट नि प्रीमियर पद्मिनी पिढ्यान् पिढ्या टिकल्या, त्या काही त्यांच्या पोलादात अमरत्व होते म्हणून नव्हे. त्यांची नाडी ठाऊक नाही असा मिस्त्री त्या काळी शोधूनही सापडला नसता, म्हणून. याउलट, नवी असताना जी पंचवीस लाखांची होती अशी भारी परदेशी बनावटीची गाडी आज दोन लाखांत मिळते आहे, असे कोणी उल्हासाने सांगू लागला, की मी त्याला तिच्या एका गिअरबॉक्सचा भाव काढून आणावयास सांगतो. किंमत हीसुद्धा एक जबानी असते, आणि बाजार ती उगाच देत नाही.

अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक माझे गिऱ्हाईक आहेत. गाडी वर चढवून ठेवलेली असली की त्यांना व्याख्यानाची हुक्की येते. त्यांच्याकडून मला कळले की जॉर्ज अकेरलॉफ नावाच्या अमेरिकन पंडिताने १९७० साली याच जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि पुढे २००१ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळविला. सिद्धान्त असा की, विकणाऱ्याला गाडीचे गुणदोष इत्थंभूत ठाऊक असतात आणि घेणाऱ्याला ते नसतात. म्हणून घेणारा मधलाच भाव देऊ करतो, त्या भावात उत्तम गाडीचा मालक ती विकावयास तयार होत नाही, आणि अशा रीतीने चांगला माल हळूहळू निघून जाऊन बाजारात निकृष्टाचाच भरणा होतो. सिद्धान्त मोठा सुरेख आहे. तथापि माझ्या धंद्यातला अनुभव त्याला एक पुरवणी जोडू इच्छितो: आपल्याकडे विकणाऱ्यालाही पुष्कळदा काहीच ठाऊक नसते. काचा वर, गाणी चालू, आणि गाडीने एखादा नवा आवाज काढलाच तर गाण्याचा आवाज थोडा वाढवावयाचा, या पद्धतीने दहा वर्षे गाडी हाकणारा सज्जन मनुष्य "काही काम नाही बघा हिला" असे म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याची कैफियत ऐकून घ्यावी, पण साक्ष गाडीचीच काढावी.

ही साक्ष थंड इंजिनाची काढावयाची असते. आपण पोचण्यापूर्वीच गाडी सुरू करून गरम केलेली असेल, तर बॉनेटवर तळहात ठेवताच ते समजते, आणि मग चहा घेऊन, हवापाण्याच्या गप्पा मारून, ती निवेपर्यंत बसून राहण्यात कमीपणा मानू नये. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीने सकाळच्या पहिल्या सुरुवातीस निळसर धुराचा एक झोत टाकला आणि मग ती स्वच्छ झाली, तर व्हॉल्व्हची सीले कडक झाली आहेत, एवढेच बहुधा समजावे. असा दोष ऑइलची पातळी बघत बघत वर्षानुवर्षे सांभाळता येतो. तोच निळा धूर चढावर वेग देताना सतत येऊ लागला तर रिंगा झिजल्या, म्हणजे इंजिनकाम आले. गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर हा सर्वांत अशुभ, कारण त्याचा अर्थ पाणी जेथे जाऊ नये तेथे जाते आहे. ऑइलचे झाकण उघडून आतून दुधाळ तपकिरी साय जमलेली दिसली, की नवशिका लगेच "हेड गॅस्केट गेले" असा निवाडा देतो. परंतु पावसाळ्यात केवळ घर ते दुकान एवढेच फिरणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही तशी साय धरते. म्हणून दांडीवरचे ऑइल पाहावे, रेडिएटरमधले पाणी पाहावे, आणि शंका राहिलीच तर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. दाबाचा आकडा मोठा की लहान यापेक्षा सिलिंडरा-सिलिंडरांत मेळ आहे की नाही, हे अधिक महत्त्वाचे. तिन्ही थोडे थोडे कमी असतील तर ते इंजिन नुसते वयस्क असते. दोन खणखणीत आणि एकच बसका असेल तर ते आजारी असते, आणि स्वस्त गाडीत आजार परवडत नाही.

किलोमीटरच्या आकड्यावर मी वेळ दवडीत नाही. तो मागे फिरविता येतो, पण क्लचच्या पेडलचे गुळगुळीत झालेले रबर मागे फिरविता येत नाही. टायरच्या कडेवरचे चार आकडे मात्र अवश्य वाचावे: २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला, आणि नक्षी कितीही शाबूत दिसली तरी रबर म्हातारे झालेले असते. पत्र्याच्या बाबतीत, लांबी भरून रंग मारलेल्या जागी लोहचुंबक धरत नाही, हे आता सर्वश्रुत आहे. मी त्यापेक्षा बॉनेटखालच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवरील कारखान्यातले वेल्डिंगचे ठिपके पाहतो. सारख्या अंतरावर, सारख्या खोलीचे ठिपके असतील तर दारावरच्या दहा पोच्यांचे मला काही वाटत नाही.

आमच्या मुलखात आणखी एका गोष्टीची तपासणी अपरिहार्य होऊन बसली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगा नि कृष्णा पात्राबाहेर आल्या, तेव्हा कोल्हापूर-सांगलीच्या किती गाड्या छपरापर्यंत पाण्यात उभ्या होत्या हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. बुडालेली गाडी धुतली, वाळविली, आसनांची कापडे बदलली आणि आत अत्तर फवारले की ती वरकरणी नव्यासारखी दिसते, नि गुण्यागोविंदाने चालतेही. मात्र काही महिन्यांनी, तारांच्या जोडांत शिरलेल्या पाण्याने तांब्यावर हिरवट थर धरला, म्हणजे आज हॉर्न, उद्या काच, परवा पेट्रोलचा पंप, असे एकेक अवयव लहरीपणाने बंद पडू लागतात, आणि असा विजेचा दोष शोधण्यात मिस्त्रीचा दिवस नि मालकाचा खिसा दोन्ही रिकामे होतात. म्हणून मी प्रथम सीट बेल्ट शेवटच्या टोकापर्यंत बाहेर ओढतो. आसने बदलणारा मनुष्य बेल्ट सहसा बदलीत नाही, आणि गुंडाळीच्या तळाशी राहिलेल्या पट्ट्यावर गाळाची रेघ स्पष्ट उमटलेली असते. मग आसनाखालचे रुळ, गालिच्याखालचा कोपरा, डॅशबोर्डच्या मागचे स्क्रू. ही गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये असे मी सांगतो, आणि या एका बाबतीत प्रतिप्रश्न विचारीत नाही.

कागदपत्रांचा विषय निघाला की लोक "ते एजंट बघतो" म्हणून मोकळे होतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमानुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाचे असते. बँकेचा बोजा असेल तर तो उतरविल्याचा ३५ क्रमांकाचा नमुना लागतो. आणि २९ व ३० क्रमांकाच्या नमुन्यांवर सह्या घेऊन ते खणात ठेवून देणे म्हणजे हस्तांतर नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका निकालात स्पष्टच केले की, गाडी प्रत्यक्ष कोणाच्याही हातांत गेलेली असो, अपघाताच्या भरपाईपुरता मालक तोच, ज्याचे नाव दप्तरी आहे. दोनतीन हात फिरलेल्या आणि तरीही पहिल्याच्याच नावावर राहिलेल्या गाडीचा इसारसुद्धा देऊ नये.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. गेल्या वर्षी एका दलालाच्या अंगणात उभी असलेली एक लहान पाच दारांची पेट्रोल गाडी मी पाहिली. वय चौदा वर्षे, मागणी नव्वद हजारांची. सकाळचा निळा धूर, शेवटाला आलेला क्लच, कडक झालेले पाण्याचे पाइप, आणि टायमिंगचा पट्टा कधी बदलला याचा कसलाही दाखला नाही. सांगाडा मात्र निर्दोष, पुराची खूण नाही, कागद एकाच नावाचे. तिला मी एका गिऱ्हाइकास नको म्हटले आणि त्याच आठवड्यात दुसऱ्यास घ्या म्हटले. दलाल भडकणे साहजिक होते. "काय ओ मिस्त्री, परवा नको म्हणलासा नि आज घ्या म्हणतासा? गाडी तीच की!"

पहिला मनुष्य कागल भागातला. त्याच्या आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी शहरात आणावे लागे, आणि दर खेपेस भाड्याची गाडी करून तो मेटाकुटीला आला होता. सांगितलेली सगळी कामे करून घेतली असती तर गाडी आणखी पंचवीस हजारांत सुधारली असती, हे खरे. परंतु बदललेले भाग नवे झाले तरी न बदललेले सगळे चौदा वर्षांचेच राहिले असते, आणि त्यांतला कोणता, कोणत्या पहाटे दगा देईल हे सांगण्याची विद्या मजपाशी नाही. मला दिसतात ते दोष; दोष जे होणार आहेत ते मला दिसत नाहीत. जेथे गाडी बंद पडणे म्हणजे दुरुस्तीचा खर्च नसून चुकलेला उपचार आहे, तेथे स्वस्त गाडी ही सर्वांत महाग गाडी. मी त्याला सुचविले की नव्वद हजार हाताशी राखावे, गावातल्याच एका गाडीवाल्याशी महिन्याचा ठराव करावा, आणि जमेल तेव्हा याच रकमेच्या आधाराने कर्ज काढून चार-पाच वर्षांचीच गाडी घ्यावी. त्याला ते पसंत पडले नाही. गाडी तेवढी त्याने सोडली.

दुसरे एक निवृत्त गुरुजी. घरापुढे पत्र्याची शेड, घरावरून एसटी जाणारी, दिवसाचा बाजार आणि महिन्यातून एकदा लेकीच्या गावी जाणे एवढाच प्रवास, आणि गाडी अडली तर रस्त्याकडेच्या झाडाखाली वर्तमानपत्र वाचीत बसण्यास त्यांची मुळीच हरकत नव्हती. किंबहुना त्यांना गाडी चालविण्याहून ती समजून घेण्याची हौस अधिक होती. ऑइलची दांडी कशी पाहावयाची हे त्यांनी मजकडून वहीत उतरवून घेतले. ज्या दोषाने त्या मुलाची झोप उडाली असती, तो गुरुजींच्या दिनचर्येत एक विरंगुळा म्हणून सहज सामावणार होता. फक्त पट्ट्याच्या बाबतीत मी हट्ट धरला, कारण या जातीच्या इंजिनात तो चालता चालता तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मग विरंगुळ्याचे इंजिनकाम होते.

गुरुजींनी सौदा मात्र माझ्या कल्पनेपेक्षा कडक केला. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे पासिंगला एकच वर्ष शिल्लक. नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशेचे पाच हजार झालेले. वर पर्यावरण कर. हे सारे त्यांनी कागदावर मांडून दलालापुढे ठेवले, त्याखाली माझा दुरुस्तीचा अंदाज जोडला, आणि गाडी सत्तर हजारांत आपल्या नावे करून घेतली. क्लच बदलला, पाइप बदलले. टायमिंगचा पट्टा काढला तो जवळजवळ नवाच निघाला. कोणी तरी अलीकडेच घातलेला होता आणि त्याची नोंद कोठेच नव्हती. नवा आणलेला होता, म्हणून मी तो बसविला. गुरुजींनी जुना पट्टा उजेडात धरून पाहिला, वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवला, आणि मजुरीतून दोनशे रुपये कमी करण्यास सांगितले. मी शंभर केले.