घाट उतरलेली ऊर्जा

मुळशी तालुक्यातल्या एका शाळेत आठवीला 'ऊर्जेचे रूपांतर' शिकवत होतो. फळ्यावरची व्याख्या मुलांनी उतरवून घेतली आणि जांभया दिल्या. दुसऱ्या दिवशी मी पुठ्ठा, बाटल्यांची बुचं आणि रबरबँड घेऊन गेलो. गाड्या तयार झाल्या, व्हरांड्यात शर्यत लागली. सगळ्यात जास्त पीळ दिलेली गाडी जिंकणार अशी सगळ्यांची खात्री होती. पण तिची चाकं जागच्या जागीच गरगरली.

"सर, तिची ऊर्जा गेली कुठे?"

मला अब्बांचं गॅरेज आठवलं. ताम्हिणीच्या पायथ्याशी होतं ते. घाट उतरून आलेल्या ट्रकच्या ब्रेक ड्रमला ते हात लावू देत नसत. म्हणायचे, "भाजशील. अख्खा घाट आहे त्यात."

तेच मुलांना सांगितलं. मग हिशेब केला. 10 टनांचा ट्रक 500 मीटर खाली आला की सुमारे 4 कोटी 90 लाख ज्यूल मोकळे होतात, म्हणजे साडेतेरा युनिट वीज. त्यातलं बरंचसं ब्रेक तापवण्यात जातं.

नंतर मोबाईलवर फॉर्म्युला ई शर्यत दाखवली, फेब्रुवारी 2023 मध्ये हैदराबादला झालेली. या विजेच्या गाड्यांचा वेग कमी करताना मोटरच जनरेटर होते आणि बॅटरीत वीज परत भरते. शर्यतीत लागणाऱ्या ऊर्जेपैकी जवळपास 40 टक्के अशी परत मिळवलेली असते. पोरं खूश झाली. घाट वाया जात नाही, हे त्यांना पटलं.

"पण सर, पहिली वीज कुठून आणतात?" मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

कुठे कोळशातून, कुठे पाण्यातून, असं सांगत मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. आपल्या मुळशी धरणाचं पाणीही घाटच उतरतं. बोगद्यातून आणि नळांतून सुमारे 500 मीटर खाली, कोकणात भिऱ्याला. दर लिटरमागे 4,900 ज्यूल. 1927 पासून ही वीज मुंबईला जाते.

ती म्हणाली, "आमचं जुनं गाव त्याच पाण्यात आहे. आजी सांगते."

तास संपायला दहा मिनिटं होती. ती मी मुळशी सत्याग्रहाला दिली. 1921 साली इथले शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले, तुरुंगात गेले. बापटांना 'सेनापती' म्हणू लागले ते याच लढ्यापासून. तरीही धरण झालं. अभ्यासक्रमाच्या त्या धड्यात हे नव्हतं, आणि एवढी वर्षं मीही कधी सांगितलं नव्हतं.

घरी करायला 'ऊर्जेची साखळी' दिली होती. तिच्या वहीत पाऊस, धरण, भिरा, मुंबई असे चौकोन होते, मध्ये बाण. धरणाच्या चौकोनात, निळ्या रंगाखाली, पेन्सिलीने तिने गावाचं नाव लिहिलं होतं.

मी बरोबरची खूण केली.