उतू जाता जाता

बरेच दिवस इकडे फिरकले नाही. कारण विचाराल तर, गॅसवर बिअर शिजत होती! हो, बरोबर वाचलंत. वाचणाऱ्यांत काकू-मावश्याही आहेत याची कल्पना आहे, पण आता लिहायचं ठरवलंय तर लिहूनच टाकते.

पोर्टलंडला आल्यावर नवऱ्याला आणि मला हा नाद लागला. प्रमाण अगदी घरगुती. एका वेळी एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर. दहा बाटल्या होतात. कृती म्हणाल तर नाचणीचं सत्त्व करणाऱ्या कुठल्याही बाईला जमेल अशी. मोड आणून वाळवलेली बार्ली (आपले सातू हो) किलोभर भरडून घ्यायची, फडक्यात बांधून ६६-६७ अंशाच्या पाण्यात तासभर ठेवायची. तेवढ्या वेळात धान्यातल्या पिठाची साखर होते. मग फडकं उचलून चक्क्यासारखं निथळायचं आणि खालचं गोड पाणी झाकण न ठेवता तासभर उकळायचं. हॉप्सची वाळलेली फुलं सुरुवातीला घातली की कडवटपणा येतो, शेवटी घातली की वास. नंतर पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून झटपट गार करायचं, काचेच्या बरणीत ओतून यीस्ट टाकायचं. बरणीच्या तोंडाला पाणी भरलेली छोटी नळी. आतला वायू बुडबुड करत बाहेर पडतो, बाहेरची हवा आत येत नाही.

तर २०२३ च्या ऑक्टोबरात आई सहा महिन्यांसाठी आली. पातेल्याला पहिली उकळी येत होती आणि मी फोनवर.

"अगं लक्ष कुठंय तुझं? उतू चाललंय!" आईने धावत येऊन गॅस बारीक केला, डाव घालून फेस मोडला. जन्मभर दूध सांभाळलेला हात तो. मग म्हणाली, "कसलं आहे हे?"

सांगितलं. तिने डाव खाली ठेवला. मी उगाचच कायदा सांगायला लागले. आपल्याकडे परवान्याशिवाय असलं काही करणं गुन्हा असला तरी इथे १९७८ साली कार्टर यांनी सही केली, तेव्हापासून केंद्राच्या कायद्याने दोन मोठी माणसं असलेल्या घरात वर्षाला २०० गॅलनपर्यंत चालते, वगैरे.

"कायद्याचं मला नको सांगूस," एवढंच म्हणून ती खोलीत गेली.

बरणी होती तिच्या खोलीबाहेरच्या कपाटात. रात्रभर बुडबुड, आणि तो आंबूस वास. सकाळी आईचे डोळे सुजलेले. चहा घेता घेता म्हणाली, "तुझे आजोबा रात्री यायचे तेव्हा आधी वास यायचा, मग पावलं वाजायची. वास आला की आम्ही भावंडं झोपेचं सोंग घ्यायचो."

आजोबा मी फक्त फोटोत पाहिलेत, फेटा बांधलेले. ते पोटाच्या दुखण्याने गेले असंच आम्हाला सांगितलेलं. चाळिशी उलटल्यावर मला हे कळत होतं, तेही माझ्याच बरणीमुळे.

बरणी त्याच दिवशी गराजमध्ये नेली. तिथे दहा अंश. यीस्ट गारठून झोपलं, बुडबुडे बंद. चौथ्या दिवशी मी ओतूनच द्यायला निघाले, तर आई धुतलेले कपडे काढायला तिथेच आलेली.

"थांबलं का गं?"

"गारठ्याने."

"किलोभर धान्य आणि टाकून देणार?"

संध्याकाळी ऑफिसातून येऊन बघते तर बरणी गरम पाण्याच्या टाकीशेजारी सरकवलेली आणि भोवती माझी जुनी शाल. डिसेंबरात इडलीचं पीठ गुंडाळते ना, अगदी तशी. "घरात मात्र आणू नकोस," आई आतूनच म्हणाली. दोन दिवसांनी बुडबुड परत सुरू.

पुढे महिनाभराने पहिली बाटली उघडली. आई समोरच बसली होती. चव घेणं तर सोडाच, तिने पेल्याकडेही पाहिलं नाही. विचारलं फक्त, "किती पिता तुम्ही?"

"शुक्रवारी एकेक."

"दहा आहेत. मोजल्यात मी."

मला वाटलं चेष्टा करतेय. म्हणून हसले. ती हसली नाही.

एप्रिलमध्ये ती पुण्याला परत गेली. बिअर आम्ही अजूनही करतो, तेवढीच, एक गॅलन. बरणी मात्र गराजमध्येच असते, शाल गुंडाळून. उकळी येताना मी फोन बाजूला ठेवते. आणि दर शुक्रवारी उरलेल्या बाटल्या मोजते. नवरा म्हणतो, तू वेडी आहेस. असेन. आईने फोनवर विचारलं तर आकडा तयार असावा इतकंच. अजून तिने विचारलेलं नाही.

असो. चहा उतू जायच्या आत उठते.