शिमोनादाचा फलाट

शिमोनादा स्टेशनात तिकीट विकायला कोणी नाही, तपासायलाही नाही. जपानच्या शिकोकू बेटावर, एहिमे प्रांतात, मात्सुयामाहून साध्या गाडीने तासाभरावर हे स्टेशन लागतं. एकच फलाट. त्यावर खांबांवर पेललेलं छोटं छप्पर, खाली बाक आणि समोर समुद्र, मध्ये काही नाही. मागे लाकडी इमारत, तीही बेताचीच.

गाडी म्हणजे डिझेलवर चालणारा एकुलता एक डबा. मागच्या दाराने चढायचं आणि तिथल्या यंत्रातून नंबराची चिठ्ठी घ्यायची. ड्रायव्हरच्या डोक्यावर फलक असतो. आपल्या नंबराखालचा भाड्याचा आकडा वाढत जाताना बघत बसायचं. उतरताना चिठ्ठी आणि पैसे ड्रायव्हरशेजारच्या पेटीत. माझ्यापुढच्या आजींनी तळहातावरची नाणी निवडून निवडून एकेक टाकली. ड्रायव्हर पांढरे हातमोजे मांडीवर ठेवून स्वस्थ बसून होता. मग मान लवली, आजी उतरल्या. मीही उतरलो. त्याने सिग्नलकडे बोट दाखवलं, स्वतःशीच काहीतरी मोठ्याने म्हटलं आणि डबा वळणाआड गेला.

स्टेशन १९३५ सालचं. तेव्हा लाटा फलाटाच्या पायथ्याशी येत. पुढे भराव टाकून खालून महामार्ग काढला. मला तो रस्ता डोळ्यात सलतो; पण आपण येऊन-जाऊन पाहुणे, गावाला रस्ता लागतोच. आणि बाकावर बसलं की कठड्याआड तो दिसेनासा होतो. मग उरतं इयो-नादाचं पाणी. हा आतला समुद्र, खवळणं त्याच्या स्वभावात नाही. दुपारी जस्ताच्या पत्र्यासारखा पडून असतो. उन्हं कलली की आधी कडेने पिवळा होतो, मग एकदम सगळाच.

१९८६ साली डोंगरातून सहा किलोमीटरचा बोगदा काढून जवळचा मार्ग झाला आणि जलद गाड्या तिकडे वळल्या. घाईची माणसं गेली, किनारा साध्या गाड्यांना राहिला. जपानी रेल्वेचा फक्त साध्या गाड्यांना चालणारा एक स्वस्त पास आहे. १९९८ पासून लागोपाठ तीन वर्षं त्याच्या जाहिरातीवर हाच फलाट झळकला. मंदपणाची जाहिरात करायला याहून योग्य जागा मिळाली नसती!

आता संध्याकाळी बाकापाशी फोटोसाठी रांग लागते. बरीचशी मंडळी मोटारीने येतात, सूर्य बुडाला की मोटारीनेच परततात. गाडी आली की तिचेही फोटो काढतात. चढतो मात्र दप्तरवाला एखादा पोरगा. हे मला पटत नाही. फोटोंनी स्टेशनाचं नाव होतं, भाडं जमत नाही, आणि हा मार्ग तोट्यात आहे.

तेव्हा शिमोनादाला जाणार असाल तर रेल्वेनेच जा. सुटे पैसे जवळ ठेवा आणि परतीची वेळ आधी बघून घ्या. एक गाडी चुकली तर पुढची कधीकधी दोन तासांनी असते.