खारे वारे, गोडी छाटणी

१. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले, मार्कही मिळाले. वारं मात्र आमच्या कुंभार पिंपळगावपर्यंत कधी आलं नाही.

२. कॅलिफोर्नियात बहुतेक किनारी डोंगर उत्तर-दक्षिण. सांता बार्बराजवळ ते पूर्व-पश्चिम आडवे पडलेत, म्हणून पॅसिफिकवरचं धुकं दऱ्यांतून थेट मळ्यात शिरतं. दिवसा ऊन, रात्री गारवा. उन्हाने साखर भरते. रात्र गरम असली की मण्यातली आंबटी वेल स्वतःच जाळतो. वाइनवाला म्हणून रात्रीचं तापमान विचारतो. आपण दुपारचे बेचाळीस सांगत बसतो.

३. केप टाउनला उन्हाळ्यात आग्नेयेकडून सोसाट्याचा वारा येतो. लोक त्याला ‘केप डॉक्टर’ म्हणतात. वेलींवरची बुरशी कमी करतो. फी नाही.

४. कोकणाला समुद्र दाराशी, पण पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात. द्राक्ष घाट चढून पर्जन्यछायेत आलं. गोव्याच्या नावाने खपणाऱ्या पोर्ट वाइनचीही द्राक्षं गोव्याबाहेरची.

५. नाशिकने समुद्राची उणीव थंडीवर भागवली. युरोपात तोड ऑगस्ट-सप्टेंबरात, इथे जानेवारी ते मार्च. म्हणजे केपच्याच महिन्यांत; तिथे तेव्हा उन्हाळा.

६. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी. थंड मुलखात वेल हिवाळाभर झोपतो आणि आपला उठतो. इथे त्याची झोपच पुरी होत नाही, त्यामुळे उठवावं लागतं. छाटणी झाली की पेस्टिंग: हातमोजे घालून बाया काडीच्या शेंड्याकडच्या एकेका डोळ्यावर हायड्रोजन सायनामाइड लावत ओळीने जातात. डोळे एकसारखे फुटतात. डब्यावर सूचना असते: हे काम करणाऱ्याने दारू घेऊ नये. घेतली तर तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात. वाइनच्या द्राक्षालाही हेच औषध.

७. नाशिकच्या सुला वाइनरीचे मळे गंगापूर धरणाच्या कडेला. तीच गोदावरी पुढे पैठणला जायकवाडीत अडते आणि डाव्या कालव्याने आमच्या तालुक्याकडे येते. जलाशयाचं नाव नाथसागर. १५ ऑक्टोबरला साठा ६५ टक्क्यांच्या खाली असला तर वरून पाणी सोडायचं, असा हिशेब. सोडायची वेळ आली की नाशिकचे कोर्टात, आमचे रस्त्यावर.

८. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०१२-१३ च्या दुष्काळात कित्येक बागांचं सरपण झालं होतं.

९. त्याच दुष्काळात जालना तालुक्यातल्या कडवंचीत द्राक्षं उभी होती. १९९६ पासून पाणलोटाचं काम, त्यावर शेततळी. तळ्यात प्लास्टिकचा कागद. वाऱ्याने पाण्यावर बारीक लाटा उठतात. समुद्र म्हणायला हरकत नाही, बाष्पीभवन तेवढंच.

१०. जालन्याजवळ दरेगावला ड्राय पोर्ट. भूमिपूजन २०१५.

११. पिंपळगावचे भाव म्हणून मोबाइलवर जे येतात ते आमचे नव्हेत, पिंपळगाव बसवंतचे.

१२. २७ जानेवारी २०२२. सुपरमार्केटात वाइन ठेवायला मंत्रिमंडळाची मंजुरी. अण्णा हजारेंचा उपोषणाचा इशारा. पारावर आठवडाभर वाइन. तिची चव पाहिलेला त्यात कुणी नव्हता. साखर कारखान्याच्या मळीपासून काय काय होतं, ते कुणी काढलं नाही.

१३. ऊसतोडीची टोळी कधी येणार, विचारणे.