अब्बांचं मशीन

दहा-बारा वर्षांचा कॉम्प्युटर घेऊन राजारामपुरीतल्या दुकानात गेलात की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "नवाच घ्या की आता, ह्यात काय राम राहिला नाही." इथल्या गल्ल्यांना आकडे आहेत आणि कुठल्याही आकड्याच्या गल्लीत गेलात तरी हेच ऐकायला मिळतं. दुकानदाराचंही फारसं चुकत नाही. जुन्या मशीनपुढे तीन तास बसून त्याला दोनशे रुपये मिळणार, तर तो नवंच खपवणार. पण घरातल्या मशीनमध्ये काय आहे हे त्याला माहीत नसतं. तो प्रश्नही तो विचारत नाही.

आमचं मशीन २०१३ सालचं. तिसऱ्या पिढीचा कोअर आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. आधी विंडोज सेव्हन होती, मग मायक्रोसॉफ्टनं २०१५-१६ मध्ये विंडोज टेन फुकट दिली तेव्हा ती घेतली. मशीन अब्बांचं. अब्बांनी छापखान्यात खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली, पुढे पेजमेकर आणि श्रीलिपी शिकले आणि निवृत्तीनंतर घरी बसून पत्रिका करू लागले. निकाहच्या, वलिम्याच्या, दुकानाच्या उद्घाटनाच्या. जियारतीच्या छोट्या जाहिरातीसुद्धा. मराठीत मजकूर, वर बिस्मिल्लाह, खाली मामा-काकांची लांबलचक यादी. जुन्या मशीनवरच्या फायलीही त्यांनी सीडीवरून यात आणून ठेवल्या होत्या.

या फायलींना घरात कुणी फार किंमत देत नव्हतं. मग गेल्या काही वर्षांत लोक यायला लागले. "चाचा, आमच्या पत्रिकेची कॉपी असेल का?" आपल्याकडे विवाह नोंदणीला लग्नपत्रिका मागतात आणि नसेल तर प्रतिज्ञापत्र करा म्हणतात. निकाहनामा बहुधा उर्दूत, तो ऑफिसात कुणाला वाचता येत नाही. कुणाला पासपोर्टवर बायकोचं नाव घालायचं असतं, कुणाला आखातातून नवऱ्याचा निरोप आलेला असतो. शिवाय कागदांची एक धास्ती आपल्या मोहल्ल्यांत २०१९ नंतर बसली आहे, ती काही गेलेली नाही. पंधरा वर्षांपूर्वीच्या पत्रिकेत बापाचं नाव नेमकं कसं लिहिलं होतं, एवढं पाहायलाही लोक येतात. अशा वेळी अब्बा मशीन सुरू करायचे आणि पाहुण्याचा चहा संपला तरी स्क्रीनवरचं गोल चक्र फिरतच असायचं.

धाकट्या भावाचं म्हणणं घरच्या भाषेत, एका वाक्यात: "अब्बा, ये डब्बा अब निकालो." मला आधी हा डबा नक्की कुठे अडकतो ते पाहायचं होतं.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. जुन्या मशीनचा एक्सरेच म्हणा. प्रोसेसर १५ टक्के, रॅम सत्तरच्या आसपास आणि डिस्क मात्र १०० टक्के. काहीही उघडलेलं नसताना. त्याच खिडकीत मशीन किती वेळ सुरू आहे तेही दिसतं: तेवीस दिवस. अब्बा रोज इशाच्या नमाजानंतर मशीन बंद करतात, तरी तेवीस दिवस! हा 'फास्ट स्टार्टअप'चा प्रकार. 'शट डाउन' म्हटलं तरी विंडोज आपला गाभा डिस्कवर झोपवून ठेवते आणि सकाळी तोच उठवते. खरी नवी सुरुवात 'रिस्टार्ट' म्हटल्यावर होते. तो पर्याय बंद केला. मशीनबरोबर आपोआप सुरू होणारे नऊ प्रोग्राम होते, त्यातले सात बंद केले. दोन अँटीव्हायरस एकमेकांवर पहारा देत बसले होते, त्यातला एक काढला. एवढ्यानं थोडा फरक पडला, पण डिस्कचा आकडा काही खाली येईना.

रॅम वाढवा, असं दुकानात सांगितलं होतं. रॅमनं पुष्कळदा फरक पडतो, पण आधी मशीनच्या माहितीत '३२ बिट' लिहिलंय की '६४ बिट' ते बघावं. आमची विंडोज ३२ बिटची निघाली. ती साधारण सव्वातीन जीबीच्या पुढची रॅम वापरूच शकत नाही. म्हणजे ४ जीबीची आणखी एक पट्टी घातली असती, तर ती नुसती शोभेला बसली असती. ६४ बिटसाठी सगळं पुसून नव्यानं टाकावं लागतं आणि अब्बांची जुनी सॉफ्टवेअरं पुन्हा बसतील याची खात्री नव्हती. रॅमचा विषय तिथेच संपला. आहे ती पट्टी काढून खोडरबरनं तिचे सोनेरी दात घासून परत बसवली. हा इलाज कोल्हापुरातल्या प्रत्येक मेकॅनिकला येतो आणि तो अंधश्रद्धा नाही. दातांवर चढलेला थर खरंच निघतो.

आणखी एक दुखणं तीस-चाळीस रुपयांत बरं झालं. मशीनची तारीख अधूनमधून २०१२ वर जायची आणि मग बँकेची, सरकारची कुठलीच साइट उघडायची नाही. वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते. मशीनला आजची तारीखच चुकीची वाटली, तर ते प्रमाणपत्र नाकारतं. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, तो संपलेला होता. इंटरनेट खराब आहे म्हणून भावानं दोनदा राउटर बदलला होता!

आता डिस्क. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा छोटा मोफत प्रोग्राम डिस्कनं स्वतःबद्दल ठेवलेल्या नोंदी वाचून दाखवतो. निळा रंग म्हणजे ठीक. आमचा पिवळा होता. डिस्कवरच्या काही जागा मेल्या होत्या आणि त्यांच्याऐवजी ती राखीव जागा वापरत होती. म्हणजे हे मशीन नुसतं म्हातारं झालेलं नव्हतं. एखादी जागा नीट वाचता आली नाही की डिस्क ती पुन्हा पुन्हा वाचून बघते. आपल्याला दिसतो तो फक्त उशीर.

म्हणून मी वेगाचं काम तिथेच थांबवलं. अशा वेळी डिस्क डिफ्रॅग करणं, 'स्पीड बूस्टर' टाकणं किंवा दुकानात नेऊन "फॉरमॅट मारून द्या" म्हणणं हे सगळे उद्योग घातक. मरणाऱ्या डिस्कला आणखी राबवलं तर ती लवकर मरते. आणि फॉरमॅट मारणाऱ्यानं डी ड्राइव्हवर काय आहे हे विचारलं नाही, तर दुसऱ्याच्या आयुष्यातली वीस वर्षं दहा मिनिटांत जातात. आधी बाहेरच्या डिस्कवर सगळ्या फायली उतरवल्या. रात्रभर चाललं. चार फायली आल्या नाहीत. त्यातल्या तीन जुन्या सीडीवर सापडल्या.

मग एसएसडी. २४० जीबीची, राजारामपुरीतूनच आणली, बिलासकट. जुन्या हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी असते आणि तिच्यावरून एक सुई फिरते. हवी ती जागा सुईखाली यायची वाट पाहावी लागते, म्हणून सेकंदाला अशा जेमतेम शंभरेक जागा वाचून होतात. विंडोज टेन मात्र मागून सतत शेकडो बारीकसारीक गोष्टी मागत असते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, ती हजारो जागा वाचते. आमच्या मदरबोर्डवर जुनं साटा-टू आहे, त्यामुळे खोक्यावर छापलेला वेग निम्म्यावर येतो. प्रत्यक्ष वापरात ते जाणवतसुद्धा नाही. जुनी सी ड्राइव्ह जशीच्या तशी एसएसडीवर उतरवताना काम दोनदा अडकलं, तिसऱ्यांदा पार पडलं. सुरू व्हायला साडेचार मिनिटं लागायची, आता तीस सेकंद लागतात. अब्बांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं, काहीतरी उघडायचं राहिलंय.

फायली वाचल्या, तरी त्या वाचता येतील याची हमी नव्हती. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये 'म' हा खरा 'म' नसतो. इंग्रजी अक्षराच्या जागेवर 'म'चं चित्र बसवलेलं असतं. तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की नवरदेवाचं नाव इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन जातं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. म्हणजे अब्बांची फाइल अब्बांच्या मशीनबाहेर जवळजवळ मुकी. त्यात फायलींची नावं डॉसच्या काळच्या सवयीनं आठ अक्षरांत कोंबलेली, त्यामुळे उघडल्याशिवाय पत्रिका कुणाची ते कळत नाही. एकेक फाइल उघडायची, पीडीएफ करायची आणि नवरा-नवरीचं नाव आणि साल घालून ठेवायची, एवढाच मार्ग होता. आधी एक फाइल उघडायला मिनिट जायचं, म्हणून हे काम कुणी मनावर घेतलं नव्हतं. आता अब्बा दुपारी बसतात आणि वीस-पंचवीस पत्रिका उरकतात.

घाई आहेच. विंडोज टेनचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज इलेव्हन आमच्या मशीनवर रीतसर बसत नाही. तिला इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि ३२ बिटची आवृत्ती तर तिच्यात नाहीच. मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी मशीन जोडून सुरक्षा अपडेटची वर्षभराची मुदतवाढ मिळते, ती आम्ही घेतली. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यानंतर या मशीनचं इंटरनेट काढायचं आणि ते फक्त पत्रिकांसाठी ठेवायचं असं ठरलंय. बँकेची कामं आणि भाचीचे स्कॉलरशिपचे फॉर्म यांच्यासाठी दुसरं जुनं मशीन घेऊन त्यावर लिनक्स मिंट टाकावं असं माझं मत आहे. ते फुकट आहे, अपडेट मिळत राहतात आणि मराठी-उर्दू दोन्ही त्यावर टाइप होतं. भाऊ अजून नव्या लॅपटॉपवर अडून आहे.

अब्बा सध्या २०११ पर्यंत पोचलेत. परवा त्यांनी माझ्या निकाहची पत्रिका काढली आणि पीडीएफ करायच्या आधी मामूंच्या नावातली ऱ्हस्व वेलांटी दीर्घ केली. मी म्हटलं, आता कशाला, जशी छापली तशीच राहू दे. ते म्हणाले, तेव्हा घाईत राहिली होती. शेवटी दोन्ही ठेवल्या, छापलेली वेगळी आणि दुरुस्त केलेली वेगळी.