दुखत नाही, तरी तपासून घ्या

आपल्या वस्त्यांमध्ये मौतीला जमलेल्या माणसांच्या तोंडी एक वाक्य नेहमी असते. "काल संध्याकाळपर्यंत चांगला होता, जेवला, बोलला, अन् रातीच गेला." असे म्हणून लोक हळहळतात आणि आपापल्या घरी जातात. त्या घरात पुढे काय होते ते मात्र फारसे कोणी बोलत नाही. महिना-दोन महिन्यांत थोरल्या मुलाचे दप्तर खुंटीला लागते आणि तो कामावर जाऊ लागतो.

माझ्या काकांच्या घरी हेच घडले. ते मलकापूरला जिनिंगमध्ये हमाली करायचे. पाठीवर गाठी वाहणारा, अंगाने धट्टाकट्टा माणूस ४८ व्या वर्षी रात्रीतून गेला. त्यांचा रक्तदाब जन्मात कधी कोणी मोजला नव्हता. थोरला चुलतभाऊ तेव्हा दहावीत होता. परीक्षेचा फॉर्म भरलेला होता, पण तो परीक्षेला बसलाच नाही. वडिलांच्याच जागेवर हमालीला लागला. ज्या समाजाला बाबासाहेबांनी 'शिका' असे सांगितले, त्या समाजात मुलांची शाळा सुटण्याचे हेही एक कारण आहे, आणि ते पुष्कळ वेळा टाळता येण्यासारखे आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

मी मोताळ्यात शिवणकाम करते. घरधनी गवंडी आहेत. तीन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या आशा स्वयंसेविका ताई एक फॉर्म घेऊन घरी आल्या. तीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाचा हा फॉर्म भरायचा असतो. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, अंगमेहनत आणि घरात कोणाला रक्तदाब, साखर किंवा हृदयाचा आजार आहे का, असे सहा प्रश्न. प्रत्येक उत्तराला गुण. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला धोका जास्त, त्याची तपासणी आधी.

आमचे हे म्हणाले, "मले काय धाड भरली? दिवसभर विटा चढवतो मी."

ताई हसल्या. म्हणाल्या, "भाऊ, दुखत नाही म्हणूनच तपासायचं. दुखायला लागल्यावर मी नाही, गाडी येईल."

मग गुण मांडले. वय ४४, त्याचे दोन. रोजची तंबाखू, त्याचे दोन. थोरल्या भावाला रक्तदाब, त्याचे दोन. कमरेचा घेर मोजायला माझाच टेप घेतला. हे म्हणाले, "कशाला मोजता, चौतीसची पँट आहे माझी." पण शिवणाऱ्या बाईला ठाऊक असते की पुरुषाची पँट पोटाच्या खाली बसते. पँट चौतीसची राहते आणि पोट त्यावरून पुढे येते. बेंबीच्या पातळीवर टेप धरला तर अडतीस इंच भरले, म्हणजे ९६ सेंटिमीटर. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत, म्हणजे साधारण पस्तीस इंचांच्या आत हवा आणि बाईचा ८० च्या आत, म्हणजे साडेएकतीस इंच. त्याचा एक गुण. दारू नाही, शून्य. अंगमेहनत भरपूर, तिथेही शून्य. बेरीज झाली सात.

कष्टकरी माणसाने नेमके हेच ध्यानात घ्यावे. मेहनतीमुळे एका रकान्यात शून्य मिळते. त्याने बाकीचे रकाने पुसले जात नाहीत. "कष्ट करणाऱ्याला हार्टअटॅक येत नाही, तो शेठ लोकांचा रोग" हा समज आपल्या लोकांनी सोडून द्यावा.

रक्तदाब मोजला तर १७०/११० निघाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजला, जवळपास तेवढाच. डोके दुखत नव्हते, चक्कर नव्हती, काहीच नव्हते. १४०/९० च्या वर पुन्हा पुन्हा भरला की तो वाढलेला समजतात. वाढलेला दाब वर्षानुवर्षे रक्तवाहिन्यांना आतून झिजवत राहतो. त्यात साखर, चरबी आणि तंबाखू यांची भर पडली की वाहिनी अरुंद होते आणि एक दिवस तिथे रक्ताची गुठळी अडकते. हृदयाच्या वाहिनीत अडकली तर हार्टअटॅक, मेंदूच्या वाहिनीत अडकली तर लकवा.

ही गोष्ट जगालाही फार उशिरा कळली. पूर्वी पुष्कळ डॉक्टरसुद्धा वयाबरोबर दाब वाढायचाच असे मानत. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाच्या गावात १९४८ साली ५,२०९ धडधाकट स्त्री-पुरुषांची नोंद करून त्यांची वर्षानुवर्षे तपासणी सुरू झाली. कोणाला हृदयविकार होतो आणि त्याच्यात आधीपासून काय वेगळे होते, हे त्यातून हळूहळू पुढे आले. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान ही नावे तेव्हा पक्की झाली. पुढे ५२ देशांत पाहणी झाली आणि २००४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात दिसले की आपल्या भारतीय उपखंडातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो, सरासरी पन्नाशीच्या सुमारास. म्हणजे मुले शिकत असतात, मुलीचे लग्न व्हायचे असते, अशा वयात.

आपल्या घरचेच उदाहरण घ्या. बाबासाहेबांना मधुमेह होता, रक्तदाब होता, पायांचे दुखणे होते. ज्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला, त्या स्वतः डॉक्टर होत्या. तरी ६ डिसेंबर १९५६ रोजी, वयाच्या ६५ व्या वर्षी, झोपेतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्या काळी रक्तदाबावरची औषधे नुकती कुठे हाती येत होती. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीचा रक्तदाबावरचा उपयोग १९४९ साली जगापुढे मांडला. लघवीवाटे मीठ-पाणी काढून दाब खाली आणणारी, रोज घेता येईल अशी गोळी बाजारात आली ती १९५८ च्या सुमारास. देशाच्या कायदेमंत्र्याला जी औषधे तेव्हा मिळू शकत नव्हती, ती आज मोताळ्याच्या गवंड्याला सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. ती घ्यायला न जाणे याला काय म्हणावे?

फुकट हा शब्द मी जाणून लिहिला आहे. रक्तदाब, मधुमेह यांसारख्या आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात ही तपासणी होते. महाराष्ट्र शासनाच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. झटका आल्यावर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी होते हे खरे. पण झटका आला की एकेक मिनिट मोलाचे असते. मोताळ्याहून बुलढाण्याला जायचे तर राजूर घाट चढावा लागतो. मोठ्या उपचाराला अकोला, जळगाव किंवा संभाजीनगर गाठायची वेळ येते. दवाखाना जितका लांब, तितकी आधीची तपासणी गरजेची.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप यांपैकी काही झाले तर "गॅस झाला" म्हणून सोडा पीत बसू नका, ताबडतोब १०८ ला फोन करा. बायकांमध्ये कधी कधी नुसता थकवा आणि धाप एवढेच दिसते.

महिनाभर गोळी घेतल्यावर आमच्या यांचा दाब १३४/८४ वर आला. लगेच म्हणाले, "झालं बरं, आता गोळी बंद." दवाखान्यातल्या सिस्टर त्यांच्याच धंद्यातले बोलल्या, "पायाच्या खड्ड्यात पाणी पाझरत असलं तर पंप बंद करता का हो दादा?" तेव्हापासून गोळी चालू आहे. तंबाखूही सोडली, पण एका दिवसात नाही, चार वेळा सोडून पाचव्यांदा सुटली. ज्यांना सोडायची असेल त्यांच्यासाठी १८००-११२-३५६ हा सरकारचा मोफत फोन आहे. मीठ माणशी दिवसाला एक लहान चमचा, पाच ग्रॅम पुरते. पापड, लोणचे, शेवचिवडा यांतले मीठ त्यातच धरायचे. माझ्या हाताला ठेच्यात मीठ कमी घालायची सवय लागायला दोन महिने गेले. आता घरात कोणाला फरक कळत नाही.

सासूबाईंचीही तपासणी त्याच वेळी झाली. साखर निघाली. त्या म्हणाल्या, "मी म्हातारी, माह्यावर कशाले खर्च?" आपल्या घरातली बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते आणि दवाखान्यातही सगळ्यांच्या शेवटी जाते. "आई, खर्च नाही अन् तुमच्याशिवाय घर नाही," असे सांगून त्यांना नेले. आता त्या स्वतः तारीख लक्षात ठेवतात.

मजुरी बुडते ही अडचण खरी आहे. पण रक्तदाब मोजायला पाच मिनिटे लागतात. मंडळाच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. जयंतीच्या आठवड्यात एक सकाळ विहारात यासाठी ठेवा. आरोग्य केंद्राला आधी पत्र द्या, आशाताईंना बोलवा आणि तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचे नाव वहीत लिहा. ज्याचा दाब वाढलेला निघेल त्याच्या घरी पुढच्या महिन्यात कोणीतरी जाऊन "गोळी चालू आहे ना?" एवढे विचारा. माणूस गेल्यावर वर्गणी काढून घर चालवायला आपण पुढे येतोच. तेवढेच माणूस असताना येऊ या.

जयभीम!